घर माझं, हापिस त्यांचं

शनिवारची सकाळ, दुसरा चहा झालाय आणि डोकं अजून फिरलेलंच आहे. काल संध्याकाळी कंपनीची मेल आली. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस हापिसात यायचं. मेलमध्ये 'संस्कृती' हा शब्द चार वेळा आलाय (मी मोजला). तर ते एक वेळ ठीक. खोटं कशाला बोलू, टपरीवरच्या चहाची आणि तिथल्या गप्पांची मलाही आठवण येते. तळपायाची आग मस्तकात गेली ती दुसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्याने. "२०२०पासून कंपनीने आपल्याला घरून काम करण्याची सुविधा दिली."

सुविधा! कोणी कोणाला दिली हो?

जरा मागे जाऊ. २०२०च्या आधी आमच्या टीममधली एक मुलगी बाळंतपणानंतर आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू द्या म्हणून हातापाया पडत होती. उत्तर ठरलेलं : पॉलिसीत बसत नाही, क्लायंटची गोपनीयता, डेटा सिक्युरिटी वगैरे वगैरे. शेवटी तिने राजीनामा दिला. आणि मार्च २०२०मध्ये? आठवड्याभरात लोक डेस्कटॉप चादरीत गुंडाळून रिक्षातून घरी नेत होते. सरकारच्या दूरसंचार खात्यानेसुद्धा घरून कामाच्या जुन्या अटी त्याच महिन्यात सैल केल्या आणि नोव्हेंबरमध्ये नियमच सुटसुटीत करून टाकले. गोपनीयता कुठे गेली ते विचारू नका. माझ्या डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी बसली होती.

आता हिशेब. कोथरूड ते हिंजवडी, कंपनीच्या बशीने जाऊन-येऊन तीन तास. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ६६ तास. लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही सगळे खूश होतो की हे ६६ तास वाचले. पण ते मला मिळाले का? अकराची स्टँडअप नऊला आली. संध्याकाळचा क्लायंट कॉल आधी साडेसातला संपायचा, कारण बस सुटायची. बस ही काय चीज होती ते तेव्हा कळलं! "सॉरी, माझी बस आहे" या वाक्यापुढे भल्याभल्या डिलिव्हरी मॅनेजरचं काही चालायचं नाही. बस गेली आणि कॉल नऊला गेला, मग दहाला. त्या काळातलं सगळ्यात आवडतं वाक्य कोणतं? "कुठे जायचंय तुला, घरीच तर आहेस." ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. अहो साहेब, आम्ही ते २०२०मध्येच करून बसलोय, तेही कोणी न सांगता.

पैशांचं थोडक्यात सांगतो. कंबर धरल्यावर खुर्ची घेतली, माझ्या पैशाने. इन्व्हर्टर, वाढीव ब्रॉडबँड, दिवसभराचं वीजबिल, सगळं माझं. बिलं पाठवली तर "पॉलिसीत बसत नाही" (हे वाक्य मात्र घरून कामातही टिकलं). कंपनीच्या बशी, कॅन्टीन, एसी, सगळं बंद. तो वाचलेला पैसा कुठे गेला हे मला कोणी मेल करून कळवलं नाही. आयकरात घरून कामासाठी वेगळी वजावट मिळेल म्हणून आपण सगळे आशेने बसलो होतो. २०२१च्या अर्थसंकल्पात ती आली नाही, २०२२च्याही नाही. असो.

पण पैसे आणि तास हा मुद्दा नाहीच खरं तर. खरी बिलं दुसऱ्याच लोकांनी भरली.

आमचं दोन बेडरूमचं घर. एका खोलीत मी, बायको पण आयटीवाली म्हणून ती डायनिंग टेबलावर, पोरगा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मोबाईलवर पहिली शिकतोय, आणि आई-बाबा... आई-बाबा उरलेल्या जागेत. उरलेली जागा म्हणजे दिवाण आणि गॅलरी. आईने मिक्सर लावायचं बंद केलं. चटणी करायची असली की दार किलकिलं करून हातानेच विचारायची, लावू का? मी हातानेच सांगायचो, थांब. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत ती धावत जाऊन गॅस बंद करायची. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात. बाबांना जुना खोकला आहे. त्या दिवसांत खोकल्याची काय दहशत होती आठवतंय ना? क्लायंटला ऐकू जाऊ नये म्हणून ते गॅलरीत जाऊन, तोंडावर टॉवेल धरून खोकायचे. मी त्यांना असं कर म्हणून कधीच सांगितलं नव्हतं. आणि नका करू असंही सांगितलं नाही.

२२ ऑगस्ट २०२०, शनिवार, गणेशचतुर्थी. माझं प्रॉडक्शन रिलीज. त्या वर्षी आमच्या घरात आरती झांजांशिवाय झाली. कुजबुजत. पोराने एकदा टाळी वाजवली तर आजीने त्याचे हात धरले. मी आत म्यूटचं बटण तपासत बसलो होतो.

ही चार माणसं कंपनीच्या पगारपत्रकावर नव्हती. तरी त्यांनी हापिस चालवलं. शांतता पुरवली, चहा पुरवला, जागा पुरवली. आणि मेल म्हणते सुविधा कंपनीने दिली.

आता कोणीतरी म्हणणार, नोकरी तरी होती ना तुमची, रडताय काय? बरोबर आहे. ८ मे २०२०ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. चालत घरी निघाले होते बिचारे. ती बातमी वाचून खुर्चीचं बिल मागायची कोणाला लाज वाटणार नाही? मलाही वाटली, मी गप्प बसलो. पण आज विचार करतो, माझ्या गप्प बसण्याने त्यांच्यापैकी कोणाला काय मिळालं? काही नाही. आमची लाज वापरली गेली, एवढंच. "अशा काळात पगार चालू आहे हे विसरू नका" असं आमच्या मॅनेजरने प्रत्येक शनिवारच्या कामाआधी ऐकवलं.

आणि आपणही कमी नाही. मी स्वतः त्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये "वाढीव वेळ काम केले" असं अभिमानाने लिहिलंय. युनियन म्हटलं की आपल्याला पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची गेटं आठवतात, आपण काय कामगार थोडेच! कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खाजगी विधेयक सुप्रिया सुळेंनी २०१८मध्येच लोकसभेत मांडलं होतं. आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७पासून आहे. पोर्तुगालने नोव्हेंबर २०२१मध्ये नियम केला की कामाच्या वेळेनंतर कंपनीनेच कर्मचाऱ्याला गाठायचं नाही. आपण तेव्हा व्हॉट्सॲपवर पायजम्यावरचे विनोद पुढे ढकलत होतो.

म्हणून यावेळी तरी "हापिस की घर" या भांडणात पडू नका मंडळी. तो निर्णय तसाही आपला नसतो. टीसीएसने एप्रिल २०२०मध्ये जाहीर केलं की २०२५पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांना हापिसात यायची गरजच पडणार नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याच कंपनीने लोकांना पाच दिवस बोलावलं. वारा फिरला की मेल फिरते. भांडायचंच असेल तर वेळेवर भांडा. काम कुठूनही असो, सुरू किती वाजता आणि बंद किती वाजता, हे कागदावर मागा. आणि घर वापरायचं असेल तर घराचं भाडं.

मी काल मेलला उत्तर टाकलं. भांडलो नाही, एकच साधा प्रश्न विचारला : पाच दिवस हापिसात यायचं तर रात्री नऊचा कॉलही हापिसातूनच घ्यायचा का, आणि त्यानंतर बस असेल का?

एचआरचं उत्तर दहा मिनिटांत आलं. शुक्रवारी संध्याकाळी, दहा मिनिटांत! काळजी नसावी, तो कॉल तुम्ही नेहमीप्रमाणे घरून घेऊ शकता.