वाळूत शिकलेलं बर्फात चालत नाही

आमचा भाचा यंदा डिसेंबरात बायकोमुलांना घेऊन स्वतःच्या गाडीनं मनालीला निघालाय. गाडी फोर बाय फोर, नवीकोरी. दर रविवारी तो नरपडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनापलीकडे, वाळूत सराव करतो. (किनाऱ्यावर माणसं फिरायला येतात, तिथं गाड्या फिरवूच नयेत, पण तो वाद पुन्हा कधीतरी.) परवा म्हणाला, "मामू, जी गाडी या वाळूतून निघते ती बर्फात काय अडकणार?"

मला भीती अडकण्याची नाही, न थांबण्याची वाटते.

वाळूत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की वाळूच गाडी थांबवते. तिथं अडचण असते ती निघण्याची, आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला की ती सुटते. बर्फावर नेमकं उलटं होतं. ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना फोर बाय फोरचा काही फायदा नाही. उलट गाडी सहज पळते म्हणून रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर दहाएक मीटरमध्ये थांबणारी गाडी गुळगुळीत बर्फावर साठ-सत्तर मीटरही घसरत जाऊ शकते. पुढं वळण आणि खाली दरी असेल तर?

डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या होत्या. बर्फ पडला की पोलीस बरेचदा फक्त फोर बाय फोर आणि साखळ्या लावलेल्या गाड्या पुढं सोडतात. लोकांना वाटतं, आपल्याला सुरक्षित असल्याचा दाखलाच मिळाला. पण चढून गेलेल्या गाडीला उतरायचंही असतं.

मी एकदा तिथं भाड्याच्या गाडीतून गेलो होतो. उतारावर स्थानिक ड्रायव्हरनं आधीच खालचा गिअर टाकला आणि ब्रेकला जवळजवळ पाय लावला नाही. इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं. पुढच्या गाडीपासून त्यानं इतकं अंतर ठेवलं होतं की मागचे हॉर्न वाजवत होते. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. गाडी एकदा घसरली, तेव्हा त्यानं पाय उचलला आणि जायचं होतं तिकडंच हलक्या हातानं स्टिअरिंग वळवलं. आपण घाबरून करकचून ब्रेक मारला असता.

तो म्हणाला होता, पांढऱ्या बर्फापेक्षा डांबरावरच्या न दिसणाऱ्या थराला भ्या. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठतं, सावलीच्या वळणावर तर सकाळी उशिरापर्यंत तसंच राहतं.

भाच्याला मी जाऊ नको म्हटलेलं नाही. मनालीपर्यंत गाडी ने, पण वर बर्फ असेल तर तिथला ड्रायव्हर घे, आणि स्वतःच चालवणार असशील तर चाकांच्या साखळ्या घेऊन त्या लावायची सवय इथंच अंगणात कर, एवढंच सांगितलं. त्याची आई, म्हणजे आमची आपा, माझ्या बाजूनं आहे. तो हसतोय.