किल्ल्यांच्या आधी वाट होती

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी नाणेघाटाच्या माथ्यावर गाड्यांची रांग लागते. माणसं जुन्नरहून डांबरी रस्त्याने येतात, वाऱ्याने उलटं उडणारं पाणी बघतात, लेण्यात डोकावतात, दगडी रांजणापाशी फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परत जातात. काही जण कोकणातल्या वैशाखऱ्याहून चालत चढतात, पण तेही माथा गाठला की आल्या वाटेने खाली उतरतात. एके काळी ही वाट कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघून जुन्नरच्या पेठेत पोचायची. तिचा दोन-तीन तासांचा चढ तेवढा आपल्या ओळखीचा उरला आहे. घाटघर, पूर, चावंड ही पुढची गावं गाडीच्या काचेतून मागे जातात.

या सदरात किल्ल्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. आज वाटेची आणि वाटेवरच्या गावांची बाजू मांडायची आहे. माझ्या मते सह्याद्रीतला सर्वात मोठा वारसा तोच आहे, आणि सर्वात वेगाने पुसला जातोय तोही हाच.

जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले एकमेकांच्या इतक्या जवळ का उभे राहिले, याचं उत्तर घाटात आहे. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. देशावरचं धान्य खाली उतरायचं. माल होता म्हणून जकात होती, जकात होती म्हणून पहारा होता आणि पहाऱ्यासाठी गड होते. घाटावर देखरेख ठेवायला घाटपांडे हा वेगळा वतनदार असे. सत्ता बदलल्या, गडांवरची निशाणं बदलली, पण लमाणांचे बैल त्याच खिंडीतून चालत राहिले. सातवाहनांची राणी नागनिका हिने आपल्या घराण्याचे यज्ञ आणि दानं राजधानीपासून इतक्या दूर, डोंगराच्या खाचेत कोरवून घेतली, कारण साऱ्या मुलखाची वर्दळ इथून जात होती.

ही वर्दळ मध्ययुगात कशी होती, याची एक जिवंत साक्ष आपल्याकडे आहे आणि ती एका रशियन व्यापाऱ्याची आहे. अफनासी निकितिन हा त्वेर शहरातला माणूस पंधराव्या शतकात, बहमनी राजवटीत, होर्मुझहून घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून पालीवरून सह्याद्री चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळ्यात तिथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहून ठेवतो. याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, घोड्यांना डाळीचे दाणे चारतात, वाटसरूंना उतरायला घरं आहेत आणि तिथल्या बाया रांधून वाढतात, हेही तो नोंदवतो. जुन्नरचा गड त्याला माणसाने न बांधलेला, देवाने घडवलेला कातळ वाटला. वर जाणारी पायवाट इतकी अरुंद की दोघांना बरोबरीने चालता येत नाही. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, नाही तर हजार मोहरा भर, असं फर्मावलं. शेवटी खुरासानच्या एका अधिकाऱ्याने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. रेवदंड्याला या माणसाचा स्मारकस्तंभ आहे. तो जुन्नरपर्यंत चालला हे मात्र जुन्नरला येणाऱ्या फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असतं.

निकितिनच्या लिखाणात मला सर्वात मोलाच्या वाटतात त्या रांधून वाढणाऱ्या बाया. राजांची नावं बखरींत आणि ताम्रपटांत मिळतात. घाट चढून आलेल्या दमलेल्या माणसाला कोणी जेवू घातलं, हे कोणी लिहीत नाही. घाटाच्या तोंडाशी असलेलं प्रत्येक गाव हे काम शेकडो वर्षं करत आलं. आजही घाटघरला एखाद्या घरी शब्द टाकला तर चुलीवरची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो. ही रीत किल्ल्याच्या बुरुजापेक्षा कमी जुनी नाही.

माथ्यावरून जुन्नरकडे पायी निघालं की थोड्या अंतरावर पूर लागतं. तिथे कुकडी नदीच्या उगमापाशी कुकडेश्वराचं काळ्या दगडातलं कोरीव मंदिर आहे. उत्तरेला रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीचा अमृतेश्वर आणि त्याची देवकोष्ठांनी वेढलेली पुष्करणी आहे. हरिश्चंद्रगडाखाली खिरेश्वरला नागेश्वर आहे, आणि तिथून गडावर चढताना तोलार खिंडीत दगडात कोरलेला वाघ भेटतो. गडावर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगदेवांनी तप केलं आणि ‘तत्त्वसार’ लिहिला. आज ही गावं दुर्गम म्हणून ओळखली जातात. पण इतकं कोरीव काम दुर्गम गावात होत नाही. त्याला दाता लागतो, पाथरवटांची वर्षानुवर्षांची मजुरी लागते आणि ती परवडेल असा पैसा वाटेवरून यावा लागतो. मंदिर पाहताना हा विचार मनात ठेवला की समोरची बारीकशी पायवाट एकदम रुंद दिसायला लागते.

मंदिरांपेक्षाही वीरगळांकडे आपलं लक्ष कमी जातं. या डोंगरपट्ट्यातल्या कितीतरी गावांत, मंदिराच्या आवारात किंवा पाराला टेकवून, शेंदूर फासलेले उभे दगड दिसतात. ते खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत लढाई असते, कधी वळवून नेलेली गुरं सोडवण्याची. तिच्यावर अप्सरा वीराला घेऊन जातात. त्याच्यावर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, आणि सर्वात वर चंद्रसूर्य असतात, ते आहेत तोवर त्याची आठवण राहावी म्हणून. बहुतेकांवर नाव नाही. गावासाठी मेलेल्या गावच्याच माणसाचं हे स्मारक. जीर्णोद्धाराच्या नावाखाली मंदिराला फरशी बसते, तेव्हा हेच दगड उचलून मागे टाकले जातात किंवा पायरीला लावले जातात. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

वाटा मेल्या कशा, तेही सांगायला हवं. १८१८ मध्ये इंग्रजांनी जुन्नर भागातले किल्ले घेतले आणि चावंड-जीवधनसारख्या गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. वाटेवर खरा घाव नंतर बसला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली आणि १८६५ मध्ये थळघाटातून. माल दोन घाटांत एकवटला आणि मधल्या डझनावारी घाटवाटांवरचं बैलांचं जाणं-येणं आटलं. जकातीची ठाणी ओस पडली, गावं शेतीवर आणि हिरड्यावर जगू लागली. पुढे माणिकडोह धरण झालं आणि कुकडीच्या खोऱ्याचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. उरलेल्या वाटा गावकऱ्यांनी आपल्या पायांनी जिवंत ठेवल्या. कोणी सोयरिकीसाठी कोकणात उतरे, कोणी बाजारासाठी, कोणी कारवी आणायला. डांबरी रस्ता आणि एसटी आली तसं तेही थांबत गेलं. साम्रदहून डेहण्याला उतरणाऱ्या करोली घाटासारख्या वाटा आता गिर्यारोहकांच्या आणि गुराख्यांच्या भरवशावर आहेत. वापर थांबला की दोन-तीन पावसाळ्यांत कारवी वाट गिळते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात शिवनेरी आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. पण आता निधी येईल तो तटबंदीला, पायऱ्यांना, वाहनतळांना. शिवनेरीला ज्या वाटेमुळे मोल आलं ती वाट त्या यादीत नाही. युनेस्कोला वाटांचं वावडं नाही. स्पेनमधले सांतियागोचे यात्रामार्ग १९९३ मध्ये आणि जपानमधले किई पर्वतातले यात्रामार्ग २००४ मध्ये वारसा ठरले, वाटेवरच्या देवळांसकट आणि धर्मशाळांसकट. आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. आळंदी ते पंढरपूर हा मार्ग शतकानुशतकं जिवंत आहे, कारण दरवर्षी माणसं तो पायी चालतात आणि मुक्कामाची गावं त्यांची वाट बघतात. घाटवाटेलाही हेच हवं आहे: चालणारी माणसं आणि मुक्कामाची गावं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वाटेवर सिमेंटच्या पायऱ्या नकोत, लोखंडी कठडे नकोत, प्राचीन फरसबंदीवर तेलरंगाचे बाण तर अजिबात नकोत. वाट गावाच्या हाती द्या. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग, तसाच अकोले तालुक्याचा डोंगरी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काखाली आपलं जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क दिला आहे. वाट जंगलातून जाते, तेव्हा तिची राखणही ग्रामसभेने का करू नये? दर पावसाळ्यानंतर कारवी तोडणं, ढासळलेले दगड बसवणं, वाटाड्यांची पाळी ठरवणं, मुक्कामाचे दर ठरवणं ही कामं इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना जितकी जमतील तितकी कोणत्याही ठेकेदाराला जमणार नाहीत. वाटेचा पैसा पुन्हा वाटेवरच्या घरांत जाईल.

चालणाऱ्यांकडूनही अपेक्षा आहे. दसऱ्यानंतर वाटा कोरड्या होतात, तेव्हापासून होळीपर्यंत चालायचे दिवस. वैशाखऱ्याहून सकाळी चढा, घाटघरला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी पूर आणि चावंड करत जुन्नरकडे चाला. वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याने सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्या. स्वतःची शिधासामग्री वाहून नेण्यापेक्षा गावात जेवा.

आणि नोंदी करा. चौदाव्या शतकात महानुभावांनी ‘स्थानपोथी’ लिहिली. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले ती गावं, नदी कोणत्या अंगाला, देवळाचं दार कोणत्या दिशेला, हे सारं त्यात टिपलं आहे. त्यातली बरीचशी गावं गोदाकाठची आहेत. घाटमाथ्याची अशी पोथी कोणी लिहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण संस्थांनी गावागावांतल्या शाळांना बरोबर घेऊन ती लिहावी: कोणता वीरगळ कुठे आहे, पाण्याचं टाकं कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, खिंडीला जुने लोक काय म्हणतात. घाट उतरून कोकणात धान्य विकायला गेलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम याच हिवाळ्यात सुरू व्हायला हवं.