पहिली तारीख स्वतःच ठरवावी लागेल

रायपूर विभागातील आपल्या सभासदांच्या घरांत गेल्या काही वर्षांत एक नवा कामगार तयार झाला आहे. त्याला हजेरीपट नाही, साहेब नाही, बिल्ला नाही आणि युनियनही नाही. वॅगन रिपेअर शॉपच्या कॉलनीत असो, टपाल खात्याच्या क्वार्टरमध्ये असो, की तात्यापारा आणि चौबे कॉलनीतील जुन्या मराठी घरांत असो, एका खोलीत संगणक लावून कुणाचा मुलगा हिशेब लिहितो, कुणाची मुलगी भाषांतर करते, कुणाची सून शिकवण्या घेते किंवा घरचा माल फोनवरून विकते. गिऱ्हाईक पुण्याचे असते, दुबईचे असते, कधी अमेरिकेचेही असते. भरती आटली, कंत्राटी पद्धत वाढली आणि वडिलांच्या मागे मुलगा खात्यात लागण्याचे दिवस सरले. तेव्हा या पिढीने आपली वाट आपणच शोधली. याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे.

परंतु या घरांतून दोन तक्रारी सतत ऐकू येतात. पहिली, उमेद टिकत नाही. चार महिने उत्साहाने काम होते आणि पाचव्या महिन्यात अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. दुसरी, पैशाचा मेळ बसत नाही. एका महिन्यात हातात भरपूर येते आणि दुसऱ्या महिन्यात फोनचे बिल भरायला आईकडे मागावे लागते. या तक्रारी दोन दिसत असल्या तरी दुखणे एकच आहे, अशी आमची धारणा आहे.

आपल्यापैकी किती जण रोज सकाळी हुरूप आला म्हणून ड्यूटीवर जातात? पॉइंट्समनचे मन उदास असले तरी गाडी वेळेवर पुढे जाते. सॉर्टरचा उत्साह मावळला म्हणून टपालाची थैली पडून राहत नाही. याचे कारण आपण फार मोठे निग्रही आहोत असे नव्हे. आपल्यामागे रोस्टर आहे, पाळी आहे, आठवड्याची रेस्ट आहे आणि ठरलेल्या तारखेला पगार आहे. ही व्यवस्था माणसाला सांभाळते.

ही व्यवस्था आपल्याला कुणी फुकट दिलेली नाही. १९४६ साली रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे गेला. त्याच वर्षी टपाल कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला आणि टपाल-तार खात्यातील तंटाही त्यांच्याचपुढे होता. कामाच्या श्रेणी, ठरलेले रोस्टर, आठवड्यातून सलग तीस तासांची विश्रांती या गोष्टी रेल्वेत रुजल्या त्या त्यांच्या निवाड्यामुळे. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या संपात लोको रनिंग कर्मचाऱ्यांच्या आठ तासांची आणि बोनसची मागणी होती, आणि बोनस मिळायला १९७९ साल उजाडावे लागले. पगार ठरावीक दिवसांत दिलाच पाहिजे हे बंधनही १९३६च्या कायद्याने आले. दोन पिढ्यांनी लढून मिळवलेल्या या गोष्टींपैकी एकही घरी बसून संगणकावर काम करणाऱ्या मुलामुलींकडे नाही. म्हणून त्यांना रोज सकाळी उमेद नव्याने गोळा करावी लागते, आणि कोणाही माणसाला हे फार दिवस जमत नाही.

तेव्हा त्यांना आमचे पहिले सांगणे असे की उमेदीच्या मागे धावू नका. आपल्यासाठी रोस्टर बांधा. काम सुरू करण्याची वेळ आणि संपवण्याची वेळ कागदावर लिहून भिंतीवर लावा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण रेस्टचा ठेवा आणि त्या दिवशी गिऱ्हाइकाचा निरोप उघडू नका. परदेशातील गिऱ्हाइकासाठी रात्रपाळी करावी लागत असेल तर दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्या. रात्रपाळी करून सकाळी पुन्हा ड्यूटीवर हजर झाल्याने काय होते, हे रनिंग स्टाफला सांगायला नको.

आता पैशाचे. ‘महिन्याला लाख रुपये कमवायचे’ अशी उद्दिष्टे हल्ली पुष्कळ ठिकाणी सांगितली जातात. हे आकडे हवेतले असतात. आपल्या चळवळीत वेतनाची मागणी कधी हवेतून केलेली नाही. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन गरजेवरून काढण्याचे ठरवले. कुटुंबाला धान्य किती, कापड किती, घरभाडे किती हे मोजून आकडा काढायचा, अशी ती रीत. सातव्या वेतन आयोगाने १८,००० रुपयांचे किमान मूळ वेतन याच रीतीने काढले होते. स्वतःचे उद्दिष्टही असेच गरजेवरून काढले पाहिजे.

एक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या मुलाने स्वतःचा पगार महिना १८,००० रुपये धरला. इंटरनेट, वीज, संगणकाची झीज यांना ३,००० लागतात. अडीनडीची गंगाजळी, विमा, म्हातारपण आणि कर यांसाठी ४,००० बाजूला पडले पाहिजेत. एकूण महिना २५,००० आणि वर्षाचे ३ लाख झाले. आता दिवस मोजा. ३६५ मधून ५२ रेस्टचे आणि २३ सणावाराचे व आजारपणाचे वजा केले तर २९० उरतात. आठ तास बसले तरी काम शोधणे, पत्रव्यवहार, दुरुस्त्या यांत तीन तास जातात आणि मोबदल्याचे पाचच तास राहतात. वर्षाचे असे १,४५० तास होतात. ३ लाखांना १,४५० ने भागले की तासाला सुमारे २०७ रुपये येतात. हा त्याचा किमान दर झाला. यापेक्षा कमी दराचे काम नेहमी घेत गेले तर कितीही जागले तरी महिना भरून निघणार नाही. दर माहीत नसतो म्हणून माणूस पडेल त्या भावात काम घेतो, रात्री जागतो, तरी पैसे पुरत नाहीत, आणि मग म्हणतो की माझ्यातच काही कमी आहे. त्याच्यात काही कमी नसते. हिशेब मांडलेला नसतो एवढेच.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिली तारीख. गिऱ्हाइकाकडून येणारा पैसा एका खात्यात जमू द्यावा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातून ठरलेला पगार घरखर्चाच्या खात्यात घ्यावा. वरच्याच मुलाला सहा महिन्यांत ४८, १०, २८, शून्य, ३८ आणि २६ हजार रुपये मिळाले असे धरा. बेरीज दीड लाख, म्हणजे सरासरी बरोबर २५ हजार. दर महिन्याला पगार आणि खर्च मिळून २१ हजारच काढले तर शून्याच्या चौथ्या महिन्यातही घर चालते आणि खात्यात २ हजार उरतात. सहाव्या महिन्याअखेर २४ हजार शिल्लक असतात. पण पहिल्या महिन्याचे ४८ हजार पाहून त्याने मोटरसायकलीचा हप्ता अंगावर घेतला, तर चौथ्या महिन्यात तो कर्ज काढील. मिळकत दोन्ही वेळा तीच. फरक पडतो तो पहिल्या तारखेच्या शिस्तीने.

तीन महिन्यांच्या खर्चाची, म्हणजे ६३ हजारांची गंगाजळी हे पहिले उद्दिष्ट असावे. महिना ४ हजारांनी तिला सोळा महिने लागतील. हे आधीच माहीत असले म्हणजे सहाव्या महिन्यात माणूस खचत नाही. त्यानंतर आरोग्य विमा आणि म्हातारपणाची तरतूद यांचा क्रम लावावा. पी.पी.एफ.चे खाते टपाल कार्यालयात उघडता येते, वर्षाला ५०० रुपयांपासून दीड लाखापर्यंत त्यात भरता येतात. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. कौंटरवर बसणाऱ्या आपल्या टपाल बांधवांनी ही माहिती परक्यांना रोज द्यायची आणि आपल्या घरातल्या मुलाला द्यायची नाही, असे होऊ नये.

यात फार मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे, म्हणून हे स्पष्टपणे लिहितो. आज मुलगा वडिलांच्या क्वार्टरमध्ये राहतो म्हणून त्याला घरभाडे दिसत नाही. वडील निवृत्त झाले की क्वार्टर सोडावे लागते. वडिलांच्या नोकरीवरची वैद्यकीय सवलतही कमावत्या मुलाला मिळत नाही. वडिलांच्या नोकरीच्या सावलीत जो हिशेब जमल्यासारखा वाटतो तो निवृत्तीच्या दिवशी उघडा पडतो, आणि मग वडिलांच्या ग्रॅच्युइटीला हात लागतो. अशी वेळ येण्याआधीच घरभाडे आणि औषधपाणी धरून हिशेब मांडला पाहिजे.

नुसत्या उमेदीवर उद्योग तरत नाही, हे रायपूरच्या मराठी समाजाने फार पूर्वी पाहिले आहे. माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. सरकारी नोकरीची वाट त्यांनी धरली नाही. पेंड्राच्या राजकुमारांना शिकवून मिळणाऱ्या पगारातून त्यांनी मासिकासाठी पैसा उभा केला. सप्रे यांच्या निष्ठेबद्दल कुणाला शंका नाही. पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनीच हिंदीत नेले. तरीही पैशाअभावी हे मासिक १९०२ च्या अखेरीस बंद पडले. या मासिकाच्या कामात त्यांच्यासोबत असलेले वामनराव लाखे पुढे रायपूरच्या सहकारी चळवळीचे अग्रणी झाले, आणि १९१३ साली येथे सहकारी मध्यवर्ती बँक उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. एकट्याच्या जिद्दीला हिशेबाची आणि चार माणसांच्या पतपेढीची जोड लागते, हाच धडा आम्ही यातून घेतो.

कायद्याचे म्हणाल तर चित्र अर्धवट आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या तिच्यात प्रथमच आली आहे. काम पुरवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तरतूद आहे. मात्र गिऱ्हाइकाकडून थेट काम घेणाऱ्या मुलीच्या मागे अशी कंपनीच नसते. म्हणून तिचा हप्ता कोण भरणार, हा प्रश्न राहतोच. तोवर हाती आहे ते सोडू नये. ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावे. उद्यम नोंदणी विनामूल्य होते ती करावी. उद्यम नोंदणी असलेल्याचे पैसे भारतातील खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, नाही तर व्याज द्यावे लागते, असे २००६ चा कायदा सांगतो. आयकराचे विवरणपत्र दरवर्षी भरावे, कारण कर्ज मागायला गेल्यावर पगारपत्रकाच्या जागी तेच विचारतात. आणि काम देण्याआधी जो अनामत रक्कम मागतो तो ठग समजावा. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी.

शेवटी आपल्या सभासदांना दोन शब्द. घरात काम करणाऱ्याला ‘घरीच तर असतोस’ म्हणून गॅसच्या रांगेत, बाजाराला, पाहुण्यांना आणायला स्टेशनवर पाठवणे बंद करा. तो ड्यूटीवर आहे असे समजा. सुनेच्या बाबतीत तर हे अधिकच कसोशीने पाळा, कारण तिची पाळी संपल्यावर तिच्यापुढे स्वयंपाकघराची दुसरी पाळी उभी असते. ‘नोकरी कधी लागणार?’ हा प्रश्न रोज विचारण्यापेक्षा ‘या महिन्याचा हिशेब लिहिलास का?’ हे महिन्यातून एकदा विचारा. संगणक घ्यायचा तर खाजगी सावकाराकडे जाण्याआधी आपल्या पतसंस्थेचे दार वाजवा.

आणि शाखांना आमची सूचना अशी की महिन्यातून एका रविवारी युनियनचे कार्यालय या मुलामुलींसाठी उघडे ठेवावे. त्यांनी एकमेकांना आपापले दर सांगावेत, पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांविषयी सावध करावे, हिशेबाच्या वह्या ताडून पाहाव्यात. एकट्याने बसून काम करणाऱ्याला सर्वात आधी ग्रासतो तो एकटेपणा, आणि त्यावर संघटनेइतका जुना, अनुभवाचा उपाय दुसरा नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनीही सुरुवात अशीच, दहा-पाच माणसांच्या बैठकीने केली होती. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा.