मुखवटा, चेहरा आणि स्वत्व

मराठीत अब्रूची भाषा ही बव्हंशी चेहऱ्याची भाषा आहे. 'तोंड दाखवायला जागा उरली नाही', 'नाक कापले गेले' असे आपण सहज म्हणतो. शूर्पणखेची कथा नाशिकच्या पंचवटीशी निगडित असून, त्या शहराच्या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्तीही तिच्या छिन्न नासिकेशी जोडली जाते. परंतु विद्रूप झाल्यानंतर ती स्त्री कशी जगली, हे आपली कथापरंपरा क्वचितच विचारते. तिची जखम युद्धाचे निमित्त ठरते. तिचे आयुष्य कथेबाहेर राहते.

नाशिकच्या पश्चिमेस, पोशेरा ज्यात येते त्या जव्हार-मोखाडा परिसरातील बोहाड्यात चेहऱ्याचा निराळा विचार आढळतो. सोंग घेणारा देवाचा वा राक्षसाचा मुखवटा चढवून नाचतो आणि नंतर तो उतरवून ठेवतो. मुखवटा कितीही उग्र असला, तरी त्यामागील माणसाची गावातील ओळख पुसली जात नाही. अर्थात, हा दृष्टान्त मर्यादितच आहे. ॲसिडने जळालेला चेहरा उतरवून ठेवता येत नाही. मग स्वत्वाची पुनर्रचना कशाच्या आधारे व्हावी?

मुंबईच्या रेश्मा कुरेशी यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. २०१४ मध्ये अलाहाबाद येथे झालेल्या ॲसिडहल्ल्यात त्यांचा एक डोळा गेला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन सप्ताहात त्या मंचावर चालल्या आणि २०१८ मध्ये तान्या सिंग यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'बीइंग रेश्मा' हे इंग्रजी आत्मकथन प्रसिद्ध झाले. आमच्या मते यांपैकी दुसरी घटना अधिक मोलाची आहे. मंचावर चेहरा पुन्हा इतरांच्या नजरेच्या स्वाधीन होतो. आत्मकथनात मात्र काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, हे 'मी' ठरवते.

२०१३ च्या कायदादुरुस्तीने ॲसिडहल्ला हा स्वतंत्र गुन्हा ठरला. २०१६ च्या अधिनियमाने अशा हल्ल्यातील व्यक्तींना दिव्यांगांचे हक्क दिले. कायदा संरक्षण देऊ शकतो, वाचक देऊ शकत नाही. ते काम साहित्याच्या अध्यापकांचे आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'सारख्या आत्मकथनांनी मराठी समीक्षेला कीव बाजूला ठेवून वाचायला शिकवले. तीच शिस्त येथेही हवी. अशा लेखनाला 'प्रेरणादायी' म्हणून हातावेगळे करणे, ही कीवेचीच सभ्य आवृत्ती होय. तिचा राग, तिचा थकवा, नटण्याची तिची हौस आणि पोटापाण्याची तिची चिंता संहितेत कशी उमटते, हे आपण तपासले पाहिजे. तिला 'पीडिता' म्हणण्याआधी 'निवेदक' म्हणावे, एवढी तरी सुरुवात आपल्या वर्गांतून व्हावी.