मुंग्या थांबल्या म्हणजे पाय बरा झाला असं नाही

पायाला मुंग्या येतात, रात्री तळवे निखाऱ्यावर धरल्यासारखे जळतात, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. 'पाय जळतत', ही वेंगुर्ल्यातल्या मधुमेह्यांची जुनी तक्रार. तिच्यावरचं उत्तरही ठरलेलं: 'नसांची गोळी', फार तर एक इंजेक्शन. या सगळ्यात पाय मात्र चपलेतच राहतो. माझं भांडण आहे ते याच्याशी.

नसांची गोळी म्हणजे बहुधा बी-१२, सोबत प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन. बी-१२ कमी असेल तर तो खरा उपचार आहे, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होतंही. मग आधी रक्त तपासा. प्रीगॅबालिनने वेदना कमी होते, आणि गेलेली झोप परत मिळणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण त्याने नस दुरुस्त होत नाही. 'ताकदीसाठी' महिनोन्‌महिने गिळलेल्या गोळ्यांतलं बी-६ प्रमाणाबाहेर गेलं, तर त्यानेच नसा बिघडतात. आमच्या धंद्यात अलार्म बंद करून 'सर्व्हर सुधारला' म्हणणाऱ्याला कुणी दारात उभं करणार नाही.

खरा धोका जळजळ थांबल्यावर असतो. ती कधी औषधाने थांबते, कधी नस मेल्यामुळे. रुग्णाला दोन्ही वेळा बरंच वाटतं. मग एप्रिलमधलं देवळाचं तापलेलं अंगण, किनाऱ्यावरचा फुटका शिंपला, कुणग्यातला काटा, यातलं काहीच कळत नाही. जखम चिघळते, आणि बोट किंवा पाऊल कापायची वेळ येते.

हे ज्ञान नवं नाही. कुष्ठरुग्णांची बोटं 'सडून' झडत नाहीत, बधिर अवयवाला होणाऱ्या जखमांनी जातात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकातच दाखवलं. कुष्ठरोग कार्यक्रमाने त्यातून संवेदना तपासणं, रोज पाय न्याहाळणं, मऊ रबराची चप्पल देणं हे सगळं उभं केलं. नस कुष्ठाने मेली तर सरकारी चप्पल आणि साखरेने मेली तर गोळीची चिठ्ठी, हा कुठला न्याय?

तपासणीला लागतं काय? दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, १२८ हर्ट्‌झचा नादकाटा आणि काही मिनिटं. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट लागत नाही. शिकवलेली परिचारिका पुरते.

१ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा सिंधुदुर्गातून आवाज उठला. उठायलाच हवा होता. तसाच आवाज गावातल्या आरोग्य केंद्रातल्या या तपासणीसाठीही उठवा. जिथे साखर मोजतात, तिथेच चप्पल काढून पाय बघितला गेला पाहिजे. डॉक्टर विसरले तर रुग्णाने स्वतःच पाय पुढे करावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर न बघणाऱ्याला वाटू दे.