वारुळाचा पत्ता

रात्री पावणेअकरा वाजता माझी रूममेट बाथरूममधून ओरडली, ‘‘तू मला नेमकं काय खायला घातलंयस?’’

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर होतं : सोसायटीच्या लॉनवर उगवलेली अळंबी. बटर, लसूण, मिरपूड आणि वरून कोथिंबीर. आठच्या सुमारास आम्ही ती टोस्टवर घालून खाल्ली होती. खाण्याआधी फोटोही काढला होता, कारण दिसायला ती डिश एकदम कॅफेतल्यासारखी झाली होती. दहाच्या सुमारास तिला मळमळायला लागलं. अकराला मी पण लायनीत!

थांबा. हा शहाणपणा माझ्या डोक्यात आला कुठून, ते आधी सांगते.

माझं आजोळ लांजा तालुक्यातलं. लहानपणची मे महिन्याची सुट्टी म्हणजे कातळावरच्या करवंदांच्या जाळ्या, हातापायांवर ओरखडे आणि बोटांना चिकटलेला पांढरा चीक. करवंद अर्धं तोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायचं, आत लालभडक निघालं तर कोंबडा. जांभळं, तोरणं, रातांबे... हे सगळं आम्ही ‘खाऊ’ म्हणून खायचो. याला इंग्रजीत ‘फोरेजिंग’ म्हणतात आणि त्याचे वर्कशॉप्स असतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

पण पावसाळ्यात आजोळी जाणं कधी झालंच नव्हतं. गेल्या वर्षी आषाढात एक असाइनमेंट पुढे ढकलली गेली, म्हणून चार दिवस गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मामीनं उठवलं. ‘‘चल गो, अळंब्या बघून येऊ. उजाडलं की दुसरं कोणीतरी नेईल.’’

आम्ही निघालो. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात काठी, आजूबाजूला धुकं. मला वाटलं होतं, आता आपण रानभर शोधत फिरणार. छे! मामी इकडेतिकडे बघतसुद्धा नव्हती. बँकेत पासबुक भरायला निघालेल्या बाईसारखी सरळ चालत होती. पहिलं ठिकाण आंब्याच्या मागे, दुसरं जुन्या गडग्यालगत, तिसरं ओढ्याच्या वरच्या अंगाला, चौथं काजूच्या बागेपलीकडे. चारही ठिकाणी जुनी वारुळं. दोन रिकामी निघाली. तिसऱ्याच्या पायथ्याशी मात्र मातीतून पांढुरक्या टोप्यांचा अख्खा वर्गच्या वर्ग उभा होता!

मामी बसली, बोटांनी माती सैल केली आणि एक अळंबी देठासकट अलगद वर काढली. देठ संपता संपेना. खाली उंदराच्या शेपटीसारखा निमुळता होत मातीत गेलेला. ‘‘ही शेपटी बघ,’’ ती म्हणाली. मी बघितली. फोटो काढला. आणि मनातल्या मनात स्वतःला अळंबी-एक्स्पर्ट ही पदवी देऊन टाकली.

पंधरा दिवसांनी पुण्यात सोसायटीच्या लॉनवर तशाच पांढऱ्या टोप्या दिसल्या. फोनमधल्या फोटोशी ताडून बघितल्या. सेम टू सेम! पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

हॉस्पिटलमध्ये ड्युटीवरच्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. किती वाजता खाल्लंत आणि पहिली उलटी किती वाजता झाली? मग म्हणाले, उरलेली अळंबी आणलीत का? मी ती केव्हाच कचऱ्यात टाकली होती. त्यांना टोस्टचा फोटो दाखवला. ते हसले नाहीत.

त्या प्रश्नांचा अर्थ मला नंतर कळला. दोनेक तासांत उलट्या सुरू होतात ते विष बहुतेक वेळा पोटाला पिळून काढतं आणि सोडतं. खरी भीती उशिरा बोलणाऱ्या विषाची. काही जीवघेण्या जाती खाल्ल्यावर सहा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्येच बरं वाटल्यासारखंही होतं आणि तोवर आत लिव्हर निकामी व्हायला लागलेलं असतं. शिजवून, उकळून हे विष जात नाही. एप्रिल 2022 मध्ये आसामात विषारी अळंबी खाऊन 13 जण गेले. त्यांत चहाच्या मळ्यांवरच्या कामगारांची कुटुंबं होती, म्हणजे रानाशी रोजचा संबंध असलेली माणसं. आम्ही दोघी सलाइन लावून सकाळी घरी आलो, ते निव्वळ नशीब.

घरी आल्यावर मामीला फोन केला. वाटलं होतं, ती विचारेल, रंग कसा होता, वास कसा होता. तिचा पहिला प्रश्न वेगळाच होता.

‘‘कुठे उगवली होती?’’

‘‘लॉनवर.’’

‘‘वारूळ होतं?’’

‘‘सोसायटीत कुठलं वारूळ, मामी!’’

‘‘मग ती अळंबी कसली? कुत्र्याची छत्री ती! शेपटी बघितलीस का उपटून?’’

नव्हती बघितली. मी तर कात्रीनं कापली होती, देठ नीट दिसावेत म्हणून.

नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा मामीच्या त्या एका प्रश्नात किती काय होतं ते उमगलं. वारुळावरची अळंबी ही खरं तर वाळवीची शेती आहे. वाळवी पालापाचोळा, लाकूड आत नेते आणि वारुळाच्या पोटात त्यावर बुरशीची बाग वाढवते. लाकूड पचवण्याचं अवघड काम ती बुरशी करते आणि वाळवी तिच्यावर जगते. पावसाळ्यात त्या बागेतून कोंब वर येतो, माती फोडून टोपी उघडतो. ती शेपटी म्हणजे थेट बागेपर्यंत गेलेला धागा. म्हणून तर त्याच वारुळावर वर्षानुवर्षं अळंबी येते. आणि म्हणूनच ही जात बटण मशरूमसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही. ती हवी तर वाळवी हवी, वाळवीला वारूळ हवं आणि वारुळाला कोणी हात न लावलेली जमीन हवी.

आमच्या लॉनवर जी होती, ती बहुधा लॉनवर, खताच्या मातीवर सर्रास उगवणारी विषारी जात. कोवळी असताना अगदी सोज्वळ पांढरी, जून झाली की टोपीखालच्या पाकळ्या हिरवट होतात. मी कोवळीच खुडली. चॉइस बघा माझा!

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळी झाली तर विषारी, किड्यांनी खाल्ली असेल तर सेफ... हे सगळं मीही ऐकलं होतं. सगळं खोटं. अळंबी ओळखायचा असा एकही शॉर्टकट नाही. फोनमधलं अॅप चेहरा ओळखतं. मामी पत्ता ओळखते. तिला जगातल्या सगळ्या अळंब्या कळत नाहीत, तिला फक्त चार वारुळं कळतात. आणि त्या चारांच्या बाहेरची अळंबी कितीही देखणी असली तरी ती हात लावत नाही. तिची खरी हुशारी या न लावण्यात आहे.

तुम्हाला या वाटेला जायचंच असेल, तर माझं ऐका, करवंदापासून सुरुवात करा. करवंद फसवत नाही, फार तर ओरबाडतं. आणि जाळीत शिरायची हौस नसेल तर एप्रिल-मेमध्ये कर्जत-लोणावळा पट्ट्यात ठाकर, कातकरी बायका पानांच्या द्रोणात ‘डोंगरची काळी मैना’ घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्या. फक्त घासाघीस करू नका. ‘रानातलं तर आहे, फुकटच मिळतं की तुम्हाला’ हे वाक्य मी स्वतः एकदा म्हटलंय, लाज वाटते. फुकट काहीच नसतं. कुठल्या डोंगरावरची जाळी आधी पिकते, हे कळायला कोणाचं तरी अख्खं बालपण खर्ची पडलेलं असतं. आपल्या श्रीखंडातली चारोळी आणि लाडवातली गोडंबीही अशीच कोणीतरी झाडाखाली वाकून वेचलेली असते. गोडंबी काढताना तर बिब्ब्याच्या तेलानं हात भाजतात.

या वर्षी आषाढात पुन्हा गेले. मामीचे गुडघे आता चढ घेत नाहीत. म्हणाली, ‘‘तूच जा. चारही ठिकाणं तुला माहीत आहेत.’’ मला एकदम भारी वाटलं. हा पत्ता तिनं आजवर सख्ख्या जावेलाही दिला नव्हता.

गेले. आंब्यामागचं रिकामं. गडग्यालगतचं रिकामं. ओढ्यावरच्या वारुळाशी दहाबारा टोप्या मिळाल्या, निम्म्या ठेवून निम्म्या घेतल्या, मामीनं बजावलं होतं तशा. मग काजूच्या बागेपलीकडे गेले आणि वाट चुकले असं वाटलं. तिथे सपाट लाल जमीन होती. चुन्यानं आखलेले प्लॉट, जेसीबीच्या चाकांचे चर आणि एक बोर्ड : निसर्गाच्या कुशीत तुमचं सेकंड होम.

खरं सांगू? वर्षभरापूर्वी अशाच एका प्लॉटचं ब्रोशर मी माझ्या बॉसला आवर्जून फॉरवर्ड केलं होतं. कोकणात, हिरवंगार, व्ह्यू मस्त. तिथे कोणाचं काय होतं, हे मला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मामीला सांगितलं. ती चुलीशी बसली होती, थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘सासूबाईंनी दाखवलं होतं ते. मी नवी नवरी होते तेव्हा.’’ आणि अळंब्या निवडायला घेतल्या. प्रत्येकीची शेपटी बघून.

त्यातल्या थोड्या नारळाच्या वाटपात शिजवून डब्यातून पुण्याला आणल्या. रूममेटनं झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा माझ्याकडे सरकवला.

‘‘मामीनं खाल्ली का आधी?’’

‘‘हो.’’

‘‘कधी?’’

‘‘काल दुपारी.’’

तिनं बोटांवर तास मोजले. मगच ताट घेतलं.