कांद्याला जग अर्धेच उघडे

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नाशिक जिल्ह्यात लाल कांद्याचा हंगाम भरात होता. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने दम धरतो; लाल कांदा काढला की बाजारात न्यावाच लागतो. भाव सुधारेपर्यंत माल घरी ठेवायची सोय त्या शेतकऱ्याला नव्हती. लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या ओळीने उभ्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी थांबतो, कुणी दोन-चार कांदे उचलून रंग, पत्ती आणि आकार पाहतो, बोली लागते आणि मिनिटा-दोन मिनिटांत अख्ख्या हंगामाच्या कष्टाचा भाव ठरून जातो. बंदीनंतर त्या बोलीत परदेशचा ग्राहकच उरला नाही आणि काही आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आले. ढाका, कोलंबो, दुबईला कांदा हवा होता, नाशिकला तो विकायचा होता. मधले दार दिल्लीने लावले.

१९९१ पासून आपण जागतिकीकरणावर वाद घालतो आहोत. एक बाजू म्हणते, त्याने शेतकरी बुडाला. दुसरी म्हणते, बाजार खुला झाला म्हणूनच तो तरला. माझ्या मते दोघांचीही सुरुवातच चुकते, कारण आपल्या शेतकऱ्याच्या वाट्याला जागतिकीकरण पुरते आलेलेच नाही. त्याचा खर्च जगाच्या बाजाराशी जोडला गेला आहे. पोटॅश जवळपास सगळे परदेशातून येते, डिझेलचे मूळ आयात कच्च्या तेलात आहे. मालाचे भाव पडतात तेही जगाच्या हिशेबाने. देशाच्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण आयात करतो, त्यामुळे तिकडे तेल स्वस्त झाले की लातूर-वाशीमचे सोयाबीन घसरते. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असूनही ते बाजारात त्याखाली विकले गेले. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये, विदर्भातली बोंडे फुटायच्या तोंडावर, तात्पुरते माफ करण्यात आले. पण जगात भाव चढतात तेव्हा ती चढण शेतापर्यंत पोहोचू दिली जात नाही. तोटा जगाचा आणि नफ्याला मात्र देशाची सीमा, अशी ही वाटणी आहे. ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांच्या २०१८ च्या अभ्यासाने हेच मोजून दाखवले: २०००-०१ ते २०१६-१७ या काळात, खते-विजेवरची अनुदाने जमेस धरूनही, धोरणांचा भारतीय शेतकऱ्यांच्या एकूण उत्पन्नावरचा परिणाम सरासरी उणे १४ टक्के होता.

कांद्याच्या बाबतीत हे वर्षावर्षाने दाखवता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये ती मागे. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, जानेवारी २०२१ मध्ये मोकळीक. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट राहिली. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ ला. आता भाव चढताच केलेल्या या हस्तक्षेपांच्या शेजारी फेब्रुवारी २०२३ ठेवून पाहा. तेव्हा निर्यात खुली होती आणि भाव कोसळले होते. सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला, किलोला एक रुपया भाव मिळाला आणि गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. ‘उलटी पट्टी’ हा शब्द कांदा पट्ट्यात नवा नाही; माल विकून शेतकऱ्यानेच पदरचे पैसे भरायचे, असा त्याचा अर्थ. राज्य सरकारने त्या वर्षी क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिले, पण ते भाव मातीमोल झाल्यावर.

या धरसोडीची सर्वांत मोठी किंमत बाजारपेठेच्या विश्वासात मोजावी लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत, भारतीय मंत्र्यांसमोर, आधी कल्पना दिली असती तर बरे झाले असते, असे बोलून दाखवले. त्या वर्षी बांगलादेशाने तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तानातून कांदा आणला, काही तर विमानाने. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की परत वळवणे किती अवघड, हे कोणताही किराणा दुकानदार सांगेल. द्राक्षाचा अनुभव नाशिक जिल्ह्यातलाच आणि नेमका उलटा आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्यावरून युरोपने आपली द्राक्षे अडवली आणि बागायतदारांना जबर फटका बसला. पण युरोपचा नियम कडक असला तरी लिहिलेला होता, वाचता येत होता. बागायतदारांनी फवारणीचे वेळापत्रक बदलले. अपेडा या केंद्राच्या निर्यात प्रोत्साहन संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर प्लॉटची नोंदणी आणि अंश तपासणी हा नेहमीचा भाग झाला, निर्यात पुन्हा उभी राहिली. निफाड-दिंडोरीचा शेतकरी जगाचे नियम शिकतो. ज्या नियमाची तारीखच ठाऊक नाही, तो त्याने शिकायचा कसा?

यावर पहिला आक्षेप ग्राहकाच्या बाजूने येतो, आणि तो खरा आहे. कांदा शंभरीला भिडला की मजुराच्या ताटातून तो आधी जातो. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातले सरकार कांद्याने पाडले, हे कोणताही पक्ष विसरलेला नाही. पण गरिबाला स्वस्त कांदा देणे हे साऱ्या समाजाचे कर्तव्य असेल, तर त्याचा खर्च समाजाच्या तिजोरीतून व्हावा. सरकार राखीव साठ्यासाठी कांदा खरेदी करतेच. ती वाढवावी, बाजारभावाने करावी आणि तो कांदा टंचाईत रेशनवर द्यावा. दोन एकरवाल्याच्या खिशातून शहराला अनुदान देणे, हा न्याय नाही. दुसरा आक्षेप असा की निर्यातीचा फायदा व्यापारी खातो. बराच खातोही, आणि बाजार समित्यांतली साखळी मोडायलाच हवी. तरीही बंदीचा तोटा व्यापारी स्वतःकडे ठेवत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बोलीत तो शेतकऱ्याच्या माथी मारतो. तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: दार पूर्ण उघडले तर बाहेरचा स्वस्त मालही आत येईल आणि छोटा शेतकरी टिकणार नाही. म्हणूनच मी सरसकट मुक्त व्यापार मागत नाही. सोयाबीन, कापूस, तूर यांना आयात शुल्काचे कवच हवे, पण तेही आधी ठरलेले आणि हंगामभर टिकणारे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून बाजाराच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरला. त्यांचे सगळे म्हणणे पटले नाही, तरी सरकारने शेतकऱ्याचा भाव पाडू नये ही मागणी आजही तशीच उभी आहे.

उन्हाळ कांद्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकली जातात, लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, काढणी मार्चअखेरीपासून सुरू होते. निर्यात खुली की बंद, शुल्क किती, हे केंद्राने रोपे टाकण्याआधी जाहीर करावे आणि चाळ रिकामी होईपर्यंत बदलू नये. महाराष्ट्राच्या खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, एवढी एक गोष्ट कायद्यात लिहून आणावी.